पळसावरची लाख आणि जास्वंदीवरचा पिठ्या

महाशिवरात्रीच्या सुमारास चामोर्शीजवळच्या मार्कंड्यास वैनगंगेच्या कांठीं यात्रा भरते, तेव्हां त्या बाजूच्या रानांत पळस फुललेला असतो. त्या फुलांकडे लक्ष जात नाहीं असा प्रवासी विरळा. परंतु त्याच पळसाच्या डहाळ्यांवर कधीं कधीं तांबूस-तपकिरी, खरखरीत असें एक पूट चढलेलें असतें. त्याकडे जाणता माणूसच थांबून पाहतो. तें पूट म्हणजे लाख. चामोर्शीहून पूर्वेस घोटच्या बाजूला रान दाट होत जातें. गडचिरोलीच्या, आणि उत्तरेस गोंदियाच्या, जंगलपट्ट्यांत पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे वाढतात, आणि ती लाख खरवडून विकणें हा कित्येक घरांचा जोडधंदा आहे. बांगड्या, मोहोरा, सुताराचें रोगण या सर्वांना ती लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेपासूनच तयार होत. म्हणजे त्या काळीं घरोघर ऐकूं येणारें गाणें एका क्षुद्र किड्याच्या घरावर कोरलेलें असे.

आतां त्याच चामोर्शींतील एखाद्या घराचें अंगण पाहावें. तेथें जास्वंदीचें झाड आहे. पावसाळा संपून ऊन तापूं लागलें म्हणजे तिच्या कोवळ्या शेंड्यांवर व पानांच्या बगलेंत पिठाची चिमूट टाकावी तसें कांहींतरी पांढरें दिसूं लागतें. शेंडा वेडावांकडा होतो. कळ्या न उमलतां गळतात. घरची मंडळी प्रथम त्याला बुरशी म्हणतात, मग धूळ म्हणतात, आणि शेवटीं कोणी काडीनें तें पीठ बाजूस सारलें कीं त्याखालीं मऊ, पिवळट अंगाचा एक जीव हळूहळू पाय हलवितांना दिसतो. हा पिठ्या ढेकूण. रानांतला लाखेचा किडा आणि अंगणांतला हा पिठ्या एकाच मोठ्या कुळांतले, खवलेकीटकांच्या कुळांतले, भाऊबंद आहेत. एकाची वाढ व्हावी म्हणून माणूस झाड छाटून त्याला कोवळी फांदी देतो. दुसऱ्याचा निःपात व्हावा म्हणून बाजारांतून विषाची बाटली आणतो. दोघांचा उद्योग मात्र एकच आहे, आणि तो नीट समजला तर घरच्या कुंड्यांवरील निम्म्याहून अधिक किडींचें वागणें आपोआप उलगडतें.

हा उद्योग म्हणजे झाडाचा रस पिणें. या किड्यांना पान कुरतडण्याचे दांत नसतात. केंसाहून बारीक अशी एक सोंड असते. ती सालींत रोंवून ते थेट त्या नळ्यांपर्यंत पोंचतात, ज्यांतून पानांत तयार झालेला साखरेचा रस झाडभर खेळत असतो. परंतु या रसांत एक उणीव आहे. त्यांत साखर विपुल, पण अंग वाढविणारें नत्रयुक्त द्रव्य फार थोडें. म्हणून शरीराला लागणारें नत्र मिळविण्यासाठीं किड्याला गरजेहून कितीतरी अधिक रस प्यावा लागतो, आणि नको असलेली साखर थेंबाथेंबानें मागून टाकून द्यावी लागते. तोच शेतकऱ्याच्या बोलींतला चिकटा. गच्चीवरच्या कुंडीखालीं फरशी चिकट लागते, खिडकीच्या कांचेवर बारीक चकाकते ठिपके पडतात, तें याच टाकाऊ साखरेचें काम. कुंडींत खताची मात्रा, विशेषतः नत्राची, अधिक झाली म्हणजे झाड लुसलुशीत दिसूं लागतें, पण त्याच लुसलुशीत फुटीवर ही मंडळी अधिक जोमानें वाढतात. हौसेनें दर आठवड्यास खत घालणाऱ्या गृहस्थाच्या झाडावरच कीड अधिक कां, याचें हें एक साधें कारण आहे.

टाकलेली साखर वांया जात नाहीं. पानावर सांडलेल्या चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी उगवते. नागपूरच्या संत्र्यांच्या बागांत हिला कोळशी म्हणतात. तेथें ती काळ्या माशीच्या चिकट्यावर येते आणि सबंध बागा काळ्या करून टाकते. ही बुरशी झाडाचा रस पीत नाहीं. ती नुसती पानावर पडदा टाकून उजेड अडविते. घरांतील माणूस हीं काळीं पानें ओल्या फडक्यानें पुसून काढतो आणि आठ दिवसांनीं तीं पुन्हां काळीं झालेलीं पाहून बुचकळ्यांत पडतो. चूक पुसण्यांत नसते, पाहण्याच्या दिशेंत असते. साखर वरून खालीं पडते. तेव्हां काळें पान हें चोराचें घर नव्हे, तें त्याच्या खालचें अंगण आहे. त्या पानाच्या नेमक्या वर जी फांदी असेल, तिच्या पानांची खालची बाजू उलटून पाहावी. बहुधा तेथें पत्ता लागतो.

दुसरा खबऱ्या म्हणजे मुंगी. कुंडीवर मुंग्यांची रांग लागली म्हणजे लोक मुंग्यांना दोष देतात. मुंगी झाडाला चावत नाहीं. ती चिकटा गोळा करायला आलेली असते, आणि गवळ्यानें गाईची राखण करावी तशी ती मावा व पिठ्या यांची राखण करते. त्यांच्यावर धाड घालणाऱ्या किड्यांना ती हुसकून लावते. म्हणून मुंग्यांची वाट बंद केली कीं पुष्कळदां पिठ्याही आपोआप कमी होतो, कारण त्याच्या शत्रूंना मोकळें रान मिळतें. पूर्वीं दुधातुपाच्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत. तीच युक्ति कुंडीला लागू पडते: पाण्यानें भरलेल्या परातींत वीट ठेवून तीवर कुंडी ठेवावी, आणि कोणतीही फांदी भिंतीला टेकूं देऊं नये. मात्र तें पाणी चार दिवसांआड बदलावें. नाहीं तर पिठ्या जाऊन डांस यावयाचे.

या रस पिणाऱ्यांत ओळखण्यास सर्वांत सोपा मावा. गुलाबाच्या कळीच्या देंठावर हिरवा, कण्हेरीच्या शेंड्यावर हळदीसारखा पिवळाधमक, आणि शेवंतीवर जवळजवळ काळा. नासपतीसारखें पोट, आणि पोटाच्या मागच्या टोंकाशीं दोन बारीक नळ्या, ही त्याची खूण. माव्याचा झपाटा थक्क करणारा आहे. उबदार दिवसांत मादीला नराची गरजच लागत नाहीं. ती अंडीं न घालतां जिवंत पिलांना जन्म देते, आणि जन्मलेल्या पिलाच्या पोटांत पुढची पिढी आधींच वाढूं लागलेली असते. म्हणजे आजी, आई आणि नात एकाच अंगांत. दाटी झाली कीं पंखांच्या माद्या निपजतात आणि शेजारच्या गच्चीवर उडून जातात. माव्यासंबंधीं एक घोटाळा नेहमीं होतो. वाढतांना तो कात टाकतो, आणि त्या पांढऱ्या, पोकळ काती चिकट्यावर चिकटून राहतात. त्यांना लोक पांढरी माशी समजतात. खऱ्या पांढऱ्या माशीची परीक्षा सोपी आहे. झाडाला हलका धक्का द्यावा. पांढरा धुरळा उडाला आणि क्षणांत पानांखालीं परत जाऊन बसला, तर ती माशी. जागचें हाललें नाहीं, तर ती कात.

खवले मात्र भल्याभल्यांना फसवितात. लिंबाच्या किंवा नेच्याच्या देंठावर, गुलाबाच्या जुन्या खोडावर, तपकिरी किंवा तांबूस अशा बारीक ढाली बसलेल्या असतात. त्यांना पाय दिसत नाहींत, हालचाल नाहीं. त्या सालीचाच एक भाग वाटतात. नखानें हलकेंच खरवडून पाहावें. सुटून आलें आणि खालीं ओलसर डाग राहिला तर तो खवला. या मंडळींची अंडीं फुटलीं कीं बाहेर पडणारें पिल्लू मात्र चपळ असतें; तें सहा पायांनीं चालत जाऊन कोवळी जागा शोधतें. एकदां सोंड रोंवली कीं खवल्याची मादी बहुधा जन्मभर तेथून उठत नाहीं. लाखेचें पिल्लूही नेमकें हेंच करतें. त्याचे तर पुढें पाय गळूनच जातात. नंतर जो तो आपापलें वस्त्र विणतो: खवला ढाल करतो, पिठ्या मेणाचें पीठ अंगाला लावतो, आणि लाखेचा किडा राळ स्रवून तींत स्वतःस कोंडून घेतो. शेजारशेजारच्या या कोठड्या एकमेकींना चिकटल्या म्हणजे डहाळीभोंवतीं तें पूट तयार होतें. वस्त्र निरनिराळें, पण हेतु एक: वारा, ऊन, पाणी आणि शत्रु यांपासून बचाव. म्हणूनच मोठ्या झालेल्या पिठ्यावर नुसतें पाणी शिंपडलें तर तें थेंब होऊन घरंगळून जातें. त्याला गांठण्याची वेळ म्हणजे त्याच्या अंगावर अजून मेण न चढलेलें बाळपण. एकदां औषध मारून काम संपत नाहीं, आठवड्यानें, पुन्हां आठवड्यानें तें करावें लागतें, याचें कारण हेंच आहे.

दोन प्रकार येथें थोडक्यांत सांगतां येतील. फुलकिडे शेवयाच्या तुकड्यांएवढे बारीक. गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा करपल्यासारख्या दिसल्या, पानावर चंदेरी ओरखडे व काळे कण दिसले, तर फूल पांढऱ्या कागदावर झटकावें, म्हणजे ते पळतांना दिसतात. लाल कोळी हा तर कीटकच नव्हे. त्याला आठ पाय. तो कोळ्यांच्या गोतांतला. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा कोरड्या, धुळकट हवेंत त्याचें फावतें. पानें वरून टाचणीनें टोंचल्यासारखीं फिकट होतात आणि खालीं बारीक जाळें दिसतें. कीटकांसाठीं केलेलें विष पुष्कळदां याला लागूं पडत नाहीं, त्याला खाणाऱ्यांना मात्र लागूं पडतें. म्हणून फवारल्यावर तो कमी होण्याऐवजीं वाढलेलाही आढळतो. पानांच्या खालच्या बाजूस रोज सकाळीं पाण्याचा फवारा, हा त्याला मानवत नाहीं.

तुळशीचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो घरोघर विचारला जातो. वृंदावनांतली तुळस एकाएकीं सुकते, शेंड्याचीं पानें आंत वळून मुठीसारखीं होतात, आणि मनांत नाहीं नाहीं त्या शंका येतात. पानें उलटून पाहावीं. खालच्या बाजूस डांबराचे थेंब शिंपडल्यासारखे काळे, चकचकीत ठिपके असतील, आणि त्यांच्यामध्यें तिळाहून लहान, चपटे, तपकिरी-काळे किडे हळू चालत असतील, तर ती तुळशीवरची जाळीदार पंखांची ढेकणी. भिंगांतून पाहिलें तर तिचे पंख लेसच्या कापडासारखे सुंदर दिसतात. ते काळे ठिपके म्हणजे तिची विष्ठा. तुळस कोपली नसते, तिचा रस आटलेला असतो. वळलेले शेंडे कापून, ते कुंडींत न टाकतां पिशवींत बंद करून टाकावे, आणि राहिलेलीं पानें दोन्ही बाजूंनीं धुवावीं. तुळस पुन्हां फुटते. येथें विषाची बाटली उघडूं नये याला फार मोठें कारण आहे. कांहीं औषधें पानावर न राहतां झाडाच्या रसांत शिरून सर्वत्र पसरतात. तीं धुऊन निघत नाहींत. त्या तुळशीचें पान तीर्थांत पडतें, लहान मुलाच्या खोकल्याच्या काढ्यांत पडतें. कढीलिंबाचेंही तेंच, तो तर रोज फोडणींत जातो.

कढीलिंबावर आणि लिंबावर पक्ष्याची विष्ठा पडावी तशी एक अळी दिसते. बोट लावतांच ती डोक्यामागून नारिंगी-तांबडें दुबेळकें शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि दोन दिवसांत लहान रोप उघडें पाडते, हें खरें. महाराष्ट्रानें २०१५ सालीं ज्याला राज्य-फुलपाखरूं ठरविलें, त्या राणी पाकोळीचीं बाळेंही लिंबूवर्गाच्याच पानांवर वाढतात. झाड मोठें असेल तर चार अळ्यांनीं त्याचें कांहीं बिघडत नाहीं. रोप लहान असेल तर त्या उचलून मोठ्या झाडावर ठेवाव्या. गुलाबाच्या पानाला कात्रीनें कापल्यासारखे अर्धगोल तुकडे गेले तर तेथेंही हळहळण्याचें कारण नाहीं. तें एका एकाकी राहणाऱ्या मधमाशीचें काम. ती पान खात नाहीं. आपल्या पिलांच्या पाळण्याला अस्तर लावण्यासाठीं नेते.

असा घोटाळा सर्वांत महाग पडतो तो रक्षकालाच भक्षक समजण्यांत. चित्रांग भुंगेरा, म्हणजे तांबड्या पाठीवर काळे ठिपके असलेला वाटोळा किडा, बहुतेकांना ओळखतां येतो. पण त्याची अळी मगरीच्या पिलासारखी, काळसर आणि काटेरी असते. ती दिसतांच पहिली चप्पल तिच्यावर पडते, आणि ती मात्र दिवसभर मावा फस्त करीत असते. त्याहून नवल म्हणजे ऑस्ट्रेलियांतून १८९८ सालीं हिंदुस्थानांत आणलेला एक भुंगेरा. त्याची अळी पिठ्यासारखीच पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांनीं झांकलेली असते, कारण ती पिठ्यांतच वावरते आणि त्यांनाच खाते. फरक इतकाच कीं तिच्या झिपऱ्या लांब व अस्ताव्यस्त असतात, आणि स्पर्श केल्यावर ती झपाट्यानें चालूं लागते. पिठ्या कधींच धांवत नाहीं. एक लहान करड्या रंगाचें फुलपाखरूंही याच पंथांतलें आहे: त्याची अळी पान खाण्याऐवजीं पिठ्या खाते, त्याचेंच पीठ अंगाला फांसून घेते, आणि तिचा कोष इतका हुबेहूब माकडाच्या तोंडासारखा असतो कीं तो एकदां पाहिलेला माणूस विसरत नाहीं. जाळीदार पंखांचा हिरवा कीटक आपलीं अंडीं केंसासारख्या उभ्या देंठांवर एकेक करून ठेवतो. पूर्वेकडील देशांत कांहीं बौद्ध मंदिरांत अशीं अंडीं दिसलीं तेव्हां भाविकांनीं तीं तीन हजार वर्षांनीं एकदां उमलणारीं उदुंबराचीं फुलें मानलीं. त्यांतून निघणारी अळी माव्याचा कर्दनकाळ आहे, तेव्हां तो आदर अगदींच अस्थानीं नव्हता. आणि माव्याच्या घोळक्यांत एखादा फुगलेला, कागदी, तपकिरी मावा निश्चल बसलेला दिसला, तर त्याला हात लावूं नये. त्याच्या पोटांत एका सूक्ष्म गांधीलमाशीचें पिल्लू आहे. तें वाटोळें भोंक पाडून बाहेर येईल आणि तिच्या जातीच्या माद्या उरलेल्यांची तीच गत करतील.

ही सूक्ष्म गांधीलमाशी केवढी कामगिरी करते, याचीं दोन उदाहरणें आपल्याच देशांत घडलीं आहेत. जास्वंदीवर जो पिठ्या आज दिसतो, त्यांतल्या एका जातीच्या पाठीवर पांढऱ्या पिठांतून काळसर डाग डोकावतात. ही जात मूळची अमेरिका खंडांतली. २००५ च्या सुमारास ती भारतांत कपाशीवर आढळली आणि थोड्याच वर्षांत पंजाबपासून दक्षिणेपर्यंत पसरली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं नऊ राज्यांत पाहणी केली, तेव्हां कपाशीवर प्रामुख्यानें हीच जात दिसून आली. कपाशी व जास्वंद एका कुळांतल्या, म्हणून शेतांतला पाहुणा अंगणांत येण्यास वेळ लागला नाहीं. पुढें हिच्या अंगांत अंडीं घालणारी एक लहान गांधीलमाशी कोणीही मुद्दाम न आणतां देशांत पसरलेली आढळली, आणि या पिठ्याचा जोर पुष्कळ ओसरला. दुसरा पपईवरचा पिठ्या. तो मेक्सिकोकडचा, २००८ सालीं कोइमतूर येथें प्रथम दिसला, आणि २०१० मध्यें पुण्याकडील बागांत पोंचला. त्याची ओळख मजेदार आहे. तो स्पिरिटांत टाकला कीं निळा-काळा होतो. त्याच २०१० सालीं बंगलोरच्या संस्थेनें पोर्तो रिको बेटाहून तीन जातींच्या गांधीलमाश्या आणवून, पारखून सोडल्या. वर्षाच्या आंत, ज्या बागांवर औषधांचा मारा करूनही हात टेकले होते, त्या पुन्हां हिरव्या झाल्या. परंतु जेथें विषाची फवारणी चालूंच राहते, तेथें पिठ्या मेणाखालीं तगतो आणि नाजूक गांधीलमाशी मात्र आधीं मरते. कुंडींतही हाच हिशेब आहे.

विषाशीं सलगी किती महाग पडते, याची साक्ष या शास्त्राच्या इतिहासांतच आहे. पुसा येथील कृषिसंस्थेंत काम केलेले हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हे हिंदुस्थान सरकारचे शाही कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांचे १९०६ व १९०९ चे ग्रंथ पुढें कित्येक वर्षें या देशांतील कीटकांसंबंधीं आधारभूत मानले गेले. कीटक मारण्याच्या वायूचे प्रयोग करीत असतां १९२५ सालीं लंडनमध्यें आपल्याच प्रयोगशाळेंत त्यांना विषबाधा झाली आणि तींतच त्यांचा अंत झाला. ही जुनी गोष्ट झाली म्हणावें, तर २०१७ सालीं चंद्रपूरच्या शेजारच्याच यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेंकडों रुग्णालयांत पडले. शेतावर उरलेलें औषध पाण्याच्या जुन्या बाटलींत भरून घरीं आणावें आणि तें चार गुलाबांवर मारावें, ही चाल खेड्यांतच नव्हे, शहरांतही आहे. ती सोडून द्यावी, इतकेंच नव्हे तर तशी बाटली घरांत दिसूंही नये.

घरच्या झाडांपुरतें पाहिलें तर उपाय साधे आहेत. थोडा पिठ्या असेल तर कापसाचा बोळा स्पिरिटांत भिजवून टिपून घ्यावा. मेण विरघळतें आणि किडा सुकतो. मावा असेल तर बोटानें पान आधार देऊन धरावें आणि पाण्याच्या धारेनें तो खालीं पाडावा. खालीं पडलेल्यांपैकीं पुष्कळांना परत चढतां येत नाहीं. फार झाल्यास अंग धुण्याच्या सौम्य साबणाचें पातळ पाणी, त्यांत थोडें निंबोळीचें तेल मिसळून, संध्याकाळीं पानांच्या खालून फवारावें. साबण मेण सोडवितो व किड्याच्या अंगावरील रक्षक थर मोडतो. निंबोळीचा कडू अंश त्याची भूक मारतो आणि कात टाकण्यांत बिघाड करतो. कपडे धुण्याची पूड मात्र वापरूं नये, तिनें पानेंच भाजतात. प्रथम एकाच पानावर लावून एक दिवस वाट पाहावी. नवें रोप विकत आणलें तर तें पंधरा दिवस इतर झाडांपासून दूर ठेवावें; शहरांतील बहुतेक गच्च्यांवर पिठ्या उडत येत नाहीं, तो रोपवाटिकेंतून माणसाच्याच हातांनीं येतो.

शहरांतल्या माणसाला एक कोडें पडतें. चामोर्शीच्या अंगणांतल्या जास्वंदीकडे कोणी फारसें पाहत नाहीं, तरी ती दर पावसाळ्यांत सावरते. नागपूर-पुण्याच्या पांचव्या मजल्यावरचें झाड मात्र इतकें जपूनही पिठ्यानें भरतें. कारण असें कीं अंगणांतल्या झाडाला पाऊस धुतो, आणि भोंवतालच्या झुडपांतून भुंगेरे व गांधीलमाश्या येत राहतात. कांच लावलेल्या गच्चींत पाऊस पोंचत नाहीं आणि शत्रुही पोंचत नाहींत. तेथें पाऊस होण्याचें काम घरच्यांनाच करावें लागतें. झाडें महिन्यांतून दोनदां न्हाणीघरांत नेऊन पानांच्या खालून धुवावीं, आणि गच्चीच्या कठड्यावर एखादी कुंडी बडीशेपेची किंवा कोथिंबिरीची ठेवून ती फुलूं द्यावी. तिच्या बारीक फुलांवर मध प्यायला याच सूक्ष्म गांधीलमाश्या आणि भुंगेरे येतात.

आणि घोटच्या रानांत? तेथें हिशेब अगदीं उलटा आहे. लाखेच्या पुटांत शिरून किडे खाणाऱ्या दोन पतंगांच्या अळ्या लाख पिकविणाऱ्याच्या डोळ्यांत सलतात. अंगणांत पिठ्या खाणाऱ्याचें कौतुक होतें, रानांत त्याच उद्योगाला चोरी म्हणतात. म्हणून पळसावर नवें पीक लावतांना जाणते लोक बीजलाखेच्या डहाळ्या तशाच न बांधतां, इंचाला साठ छिद्रें असलेल्या बारीक जाळीच्या पिशवींत घालून फांदीला बांधतात. लाखेचें तांबडें पिल्लू त्या छिद्रांतून सहज बाहेर पडून फांदीवर चालूं लागतें. पतंग मात्र आंतच अडकून राहतो. तीन आठवड्यांनीं पिल्लें उतरलीं कीं पिशव्या सोडून घेतात आणि रिकाम्या डहाळ्या खरवडण्यासाठीं घरीं नेतात.